खाऱ्या पात्याचा नियम

दिवसभर रबाळ्याला मी प्रेस टूलची ड्रॉइंगं काढते.
दोन शतांश मिलिमीटर हललं
की पत्रा फाटतो, आणि करंदीकर साहेब कपाळाला हात लावतात.
रात्री त्याच कागदांच्या पाठीवर
प्रणिताच्या योद्धीसाठी एक शस्त्र आखतेय.
तिसरा आठवडा.

पहिलं होतं पेटतं खड्ग.
ती म्हणाली, छान आहे. पण हे कुणाचंही असू शकतं.
दुसरा विजेचा भाला,
सहा बाजूंचे चार फासे इजा.
एवढ्यात सगळेच मरतील गं, मग मी काय करू?

डबा परत द्यायला घणसोली गावात तिच्या घरी गेले
तर दाराच्या वर, दोन खिळ्यांवर आडवं
एक लांब लाकूड, टोकाला फळी.
समुद्राने चाटून ठेवल्यासारखं राखाडी.
हे काय?
मीठ ओढायचं. आजोबांचं, ती म्हणाली,
छत्री आहे म्हणावं तसं.
आतून तिची आई:
ठेव ते जागेवर, मना जालमटा काराची हान.

मी पर्समधली टेप काढली.
सात फूट दोन इंच.
फळीचा डावा कोपरा जास्त झिजलेला.
डावरे होते का गं?
कोण जाणे, म्हणाली. कुणाला विचारणार.

मग हात आपोआप चालला.
दांडा तसाच. पातं गोठलेल्या मिठाचं,
उन्हात दिसतं, चांदण्यात दिसत नाही.
जमिनीवर ओढलेली रेघ भुताला ओलांडता येत नाही.
पावसात दर फेरीला एक गुण विरघळतो.
इजा: आठ बाजूंचा एक फासा, अधिक एक. बस.
आणि खाली, चार रात्री खोडून खोडून,
एकच ओळ:
ज्याचं मीठ खाल्लंस, त्याला हे कापणार नाही.

शनिवारी कोपरखैरण्याला, फर्झानाकडे.
कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद,
मधोमध तळलेल्या पापड्यांची परात.
ओजसच्या चोराने आमचा नकाशा
शत्रूला विकल्याचं त्याच संध्याकाळी उघड झालं.
प्रणिता उभी राहिली. खुर्ची मागे पडली.
वीस बाजूंचा फासा परातीला आपटून
थांबला तो वीसवर.

आरडाओरडा ओसरल्यावर डिक्सन हळूच म्हणाला,
चौथ्या बैठकीत, जंगलात,
ओजसने ससा शिजवला होता. सगळ्यांनी खाल्ला.
माझ्या वहीत आहे.

वही फिरली. होतं.
पण मीठ होतं का त्यात? फर्झाना.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
जग माझं, जंगल माझं, ससासुद्धा माझाच,
पण मीठ?
ते स्वयंपाक्यालाच ठाऊक.

ओजसच्या तोंडात पापडी होती.
एका शब्दात सुटला असता.
त्याने सावकाश चावली, गिळली,
बोटं पँटला पुसली.
मीठ संपलं होतं त्या दिवशी, म्हणाला.
अळणीच होता.

पंखा बंद असताना
सहाव्या मजल्यावर पामबीच रोडचा आवाज येतो
हे तेव्हा कळलं.

प्रणिताने आठ बाजूंचा फासा घेतला.
मुठीत धरून ठेवला. जरा जास्तच वेळ.
मग टाकला.
एक.
अधिक एक.
ओजसकडे जीव उरले होते तीन.

कोणी हसलं नाही, आणि मग सगळेच.
फर्झानाने परात त्याच्याकडे सरकवली.

सोमवारी डायचं ड्रॉइंग टेबलावर ठेवलं
ते नेमकं उलटं.
करंदीकर साहेब चष्मा वर करून बघत राहिले.
कसलं टूल आहे हे?
मीठ ओढायचं, सर.
हं. दांडा बरोबर आहे.
त्यांनी पेन्सिलीने त्या शेवटच्या ओळीखाली
एक बारीक रेघ मारली.
ह्याला टॉलरन्स कुठाय?

खरंच, द्यायचा राहिला होता.